जावक क्रमांक अडतीस

जा. क्र. ५२
७ फेब्रुवारी २०१६

चि. अंबरीष,

आशीर्वाद घे आणि हे पत्र जेवण झाल्यावर वाच. आधी वाचलंस तर जेवण जाणार नाही.

फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू 'आवाज येतोय का' विचारतोस आणि मी ओरडतो, एवढंच होतं. शिवाय नगरपालिकेच्या आवक-जावक टेबलावर एकतीस वर्षं काढलेला माणूस मी. तुला इचिकावाला जाऊन सात वर्षं झाली, तुझी पत्रंसुद्धा नंबर घालून, रजिस्टरात चढवून पाठवतो. तुझी आई हसायची. हसू दे.

तर विषय असा. गेल्या पावसाळ्यात नदी चढली तेव्हा गावातल्या अकरा भोंग्यांपैकी एकही वाजला नाही, हे तुला ठाऊक आहे. रवींद्र मास्तरांच्या घरात छातीएवढं पाणी होतं, त्यांची सगळी पुस्तकं गेली. हे भोंगे बापूसाहेबांनी मंत्री असताना बसवले, २०१२ साली तुमच्याकडे जपानला भूकंपानंतरच्या व्यवस्थेचा अभ्यास दौरा करून आल्यावर. आता समोरच्या पक्षानं माहितीच्या अधिकारात त्या दौऱ्याच्या वेळचे त्यांचे सरकारी ई-मेल मागितले. उत्तर आलं: 'सदर कालावधीतील ई-मेल अभिलेखात आढळून येत नाहीत.'

झालं! गावात दुसरा विषय नाही. आपल्यातला एक म्हणतो कॉम्प्युटर बदलला, दुसरा म्हणतो वीज पडली, तिसऱ्यानं तर उंदरांवर ढकललं. समोरचे चौकात ओरडतात, 'उंदरानं ई-मेल खाल्ला, बापूसाहेबांनी ढेकर दिला.' स्टँडसमोरच्या बाकावर मी आणि रवींद्र मास्तर तीस वर्षं चहा पितो. ते त्या पक्षाचे, मी ह्या, पण चहा एकच. परवा ते सगळ्यांसमोर म्हणाले, "गुणवंता, दौऱ्याचा शेवटचा रविवार तुझा बापूसाहेब भोंग्यांच्या ठेकेदाराबरोबर गरम पाण्याच्या कुंडात डुंबत होता. पाहणीबिहणी काही नाही."

माझं डोकंच फिरलं. मी उभा राहून सांगितलं, "त्या रविवारी बापूसाहेब माझ्या मुलाच्या घरी होते. इचिकावाला. जमिनीवर मांडी घालून बसले, माझ्या सुनेच्या हातच्या दोन पुरणपोळ्या खाल्ल्या." मास्तर म्हणाले, "पुरावा?"

आता पक्षाचं ठरलंय की पाडव्याच्या सभेत माझ्या नावानं पत्रक वाटायचं. तेव्हा त्यांच्या कार्यालयातून तुला आलेला, साहेब घरी येत आहेत असा ई-मेल, त्याची छापील प्रत आणि एखादा फोटो उलटटपाली पाठव. त्यांच्याकडचा हरवला असेल, तुझ्याकडचा तर असेल ना! चाळीस वर्षं ह्या माणसाच्या मागे उभा आहे मी. माझा शब्द खाली पडू देऊ नकोस.

ईश्वरीचा दात पडला का?

बाबा


इचिकावा, १८ फेब्रुवारी २०१६

ती. बाबा,

नमस्कार. पत्र मिळालं. ईश्वरीचा दात पडला, शाळेतच, आणि तिनं तो छपरावर फेकायचा म्हणून हट्ट धरला. इथे खालचा दात वर फेकतात. आमचं छप्पर म्हणजे सातवा मजला, त्यामुळे शेजारच्या सायकल स्टँडच्या पत्र्यावर फेकून आलो. तिथल्या काकांनी विचारलं काय फेकलंत, तर सरिता कचऱ्याच्या नियमांना घाबरून दहा मिनिटं माफी मागत होती.

ई-मेलचं म्हणाल तर बाबा, बँकेनं मधे दोनदा लॅपटॉप बदलले. जुने मेल सापडत नाहीत. फोटो माझ्या त्या वेळच्या फोनमध्ये होते, तो फोन ट्रेनमध्ये राहिला. खरं तर इथे हरवलेली वस्तू परत मिळते, पण तो नाही मिळाला. एवढी वर्षं झाली, आता पुरावा कोण मागतं? मास्तरांशी भांडू नका ना. पत्रकावर तुमचं नाव कशाला? पक्षात दुसरी माणसं नाहीत का?

इथे अजून कडाका आहे. हीटर रात्री बंद करतो, पण आईची गोधडी आहेच.

तुमची सगळी पत्रं बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात नंबरानं लावून ठेवली आहेत. परवा लावताना लक्षात आलं, ३७ नंतर एकदम ३९. एकोणचाळीस म्हणजे आई गेल्यानंतरचं. ३८ टपालात गहाळ झालं का? रजिस्टरमध्ये बघाल?

अंबरीष


जा. क्र. ५३
१ मार्च २०१६

चि. अंबरीष,

'सापडत नाहीत'! वा रे पठ्ठ्या! मंत्रालयातून आलेलं उत्तर तुझ्या हातात पडलं होतं काय? मी तुला वाढवला तो कागद जपणाऱ्याच्या घरात. तुझ्या पहिलीच्या प्रगतीपुस्तकापासून सगळं माझ्याकडे फायलीत आहे, आणि तू मला लॅपटॉप बदलला म्हणून सांगतोस?

मास्तर आता बाकावर येत नाहीत. पलीकडे रसवंतीच्या बाकड्यावर बसतात. चहावाल्याला दोन ठिकाणी ग्लास न्यावे लागतात, तो आम्हा दोघांना शिव्या देतो. मला तिकडे बघायचं नसतं, तरी नजर जाते. मास्तर एकटे पेपर वाचत बसतात आणि वाचून दाखवायला कुणी नसलं की त्यांचे ओठ नुसते हलतात.

पत्रकाचा मजकूर छापखान्यात गेला. 'ज्येष्ठ कार्यकर्ते गुणवंतराव यांची साक्ष' असा मथळा आहे. नाही म्हणू तरी कसा? तेव्हा ई-मेल नसेल तर नसो, तू तुझ्या हातानं लिहून सही करून पाठव. बापूसाहेब किती वाजता आले, कुठल्या बाजूला बसले, काय बोलले. तू त्या दिवशी फोनवर सांगितलं होतंस ते मला तोंडपाठ आहे: 'गुणवंतासारखी माणसं आहेत म्हणून पक्ष आहे' असं ते म्हणाले. हे वाक्य मी गावात किती जणांना ऐकवलं असेल, मोजदाद नाही. ते मला तुझ्या अक्षरात हवं आहे. पक्षासाठी नको, माझ्यासाठी हवं आहे.

गोधडीचं लिहिलंस. ठीक.

३८ रद्द समज. कधीकधी नंबर पडतो आणि कागद जात नाही.

बाबा


इचिकावा, १२ मार्च २०१६

ती. बाबा,

काल भूकंपाला पाच वर्षं झाली. दुपारी पावणेतीनच्या सुमाराला बँकेत सगळे उभे राहून एक मिनिट गप्प झालो. त्या एका मिनिटात मी ठरवलं की तुम्हाला लिहायचं. आज शनिवार आहे, सरिता ईश्वरीला घेऊन बाहेर गेली आहे, आणि मी सकाळपासून तीन कागद फाडले.

बापूसाहेब आमच्या घरी आले नव्हते.

बाबा, कृपा करून पुढे वाचा. पत्र बाजूला ठेवू नका.

इथे प्रत्येक वस्तीत खांबावर कर्णे असतात, भूकंपाची सूचना द्यायला. दिवस मावळायच्या सुमारास त्यावर रोज एक लहान मुलांचं गाणं वाजवतात. रोज का, तर कर्णे चालू आहेत की नाही हे त्या गाण्यावरून कळतं. गाणं वाजलं नाही तर दुसऱ्या दिवशी माणूस दुरुस्तीला येतो. एवढीच युक्ती आहे. ती बापूसाहेबांनी बघावी म्हणून मी त्यांच्या सरकारी पत्त्यावर मेल लिहिले, त्यांच्या पीए राजीव यांची उत्तरं आली. एकूण चौदा मेल. इथल्या नगरपालिकेतले मोरिता-सान आमच्या शेजारचे. त्यांना विनंती केली तर ते रविवारी सुट्टीच्या दिवशी टाय लावून खांबापाशी हजर झाले.

मी अकरा वाजल्यापासून स्टेशनच्या गेटपाशी उभा होतो. प्रत्येक गाडीतून माणसं उतरायची, मी टाचा उंचावून बघायचो. घरी सरितानं पुरण वाटलं होतं, इथे हरभऱ्याची डाळ मिळवायला ती एदोगावापर्यंत जाऊन आली होती. ईश्वरीला खणाचं परकर-पोलकं घातलं होतं. ती अडीच वर्षांची, वाट बघून बघून झोपून गेली. संध्याकाळी गाणं वाजलं. मी आणि मोरिता-सान दोघंच ते ऐकत उभे राहिलो. त्यानंतर वीस मिनिटांनी राजीव यांचा मेल आला. दोन ओळी. साहेबांचा कार्यक्रम बदलला आहे, इचिकावा रद्द. मोरिता-सान मला म्हणाले, "तुमचे पाहुणे दमले असतील," आणि वाकून निघून गेले. मला त्या माणसाच्या टायकडे बघवेना.

घरी येऊन बूट काढतो आहे तोच तुमचा फोन. "आले का रे? बसले का?" तुमचा आवाज असा होता बाबा, की लहानपणीसुद्धा मी तो कधी ऐकला नव्हता. माझ्या कुठल्याही निकालाला तो लागला नव्हता. आणि मागून आई विचारत होती, "गोधडी मिळाली का? विचारा ना, मिळाली का?" मी म्हटलं, हो. आले. बसले. दोन खाल्ल्या. एकदा हो म्हटल्यावर पुढचं आपोआप येत गेलं. ते वाक्यही मीच केलं, 'गुणवंतासारखी माणसं' वगैरे. ते त्यांचं नाही. पण खोटं नाही बाबा, ते माझं आहे.

गोधडी मला मिळाली नाही. त्यांच्याबरोबर आली की नाही, तेही मला माहीत नाही. आई पुढची दोन वर्षं दर फोनला विचारायची, ऊब आहे ना? मी म्हणायचो, खूप आहे. ती गेल्यावर मी आलो तेव्हा तिच्या पेटीत त्याच साड्यांचे उरलेले तुकडे होते. ते हातात घेऊन बसलो होतो, तुम्ही मला त्या खोलीत पाहिलंत आणि दार ओढून घेतलंत. सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. धीर झाला नाही.

सोबत शेवटच्या मेलची छापील प्रत आहे. चौदाच्या चौदा माझ्याकडे आहेत, कधीच हरवले नव्हते. तुम्हाला वाटलं तर ही प्रत चुलीत घाला. मग मीही कायमचा 'आढळून येत नाही' म्हणेन, कोणी विचारलं तरी. तुमचा शब्द खाली पडावा असं मला वाटत नाही.

अंबरीष


इचिकावा, ५ एप्रिल २०१६

ती. बाबा,

पत्र पोचलं हे मला माहीत आहे, कारण मी फोन केला तेव्हा तुम्ही "मिळालं. उत्तर पत्रानं देईन," म्हणालात आणि ठेवून दिलात. त्यालाही आता दहा दिवस झाले. मी रोज खाली टपालपेटी उघडतो. त्यात पिझ्झाची पत्रकं आणि नळदुरुस्तीची कार्डं असतात.

रागावला असाल तर रागावून लिहा. तुमच्या शिव्याही मला नंबर घालून आलेल्या चालतील.

ईश्वरी उद्या पहिलीत जाणार. दप्तर तिच्यापेक्षा मोठं आहे. संध्याकाळी कर्ण्यावर गाणं लागलं की मैदानातली सगळी मुलं एकदम खेळ टाकून घराकडे पळतात, तीही पळत येते. मी तिच्याशी मराठीत बोलतो, ती जपानीत उत्तर देते, आणि त्यावर आमचं काही अडत नाही. पण ते गाणं लागलं की मला आपल्या ओट्यावरची तुमची हाक आठवते. 'अंब्याऽऽ, दिवे लागले!' अख्ख्या आळीला ऐकू जायची, मला लाज वाटायची. आता कुणी तशी हाक मारली तर मी ऑफिसातून उठून पळत येईन.

पाडवा तीन दिवसांवर आला. सभेचं काय झालं, पत्रकाचं काय झालं, मी विचारणार नाही. तुम्ही जेवता ना वेळेवर, एवढं कळवा.

अंबरीष


जा. क्र. ५४
१४ एप्रिल २०१६

चि. अंबरीष,

जेवतो. पाडव्याला श्रीखंड खाल्लं, मास्तरांच्या घरी. त्याची हकीकत पुढे येते.

तुझं पत्र मी चार दिवस वाचलं. म्हणजे रोज वाचलं. मग तुझी ती छापील प्रत रजिस्टरात आवक केली, नंबर घातला, तारीख घातली, आणि झेरॉक्सवाल्याकडून दोन प्रती काढल्या. चूल पेटवणं मला जमलं नसतं. मी गेल्या बारा वर्षांत पक्षकार्यालयातसुद्धा कागद फाडू दिला नाही.

पाडव्याच्या सकाळी पक्षकार्यालयात गेलो. पत्रकांचे गठ्ठे लावलेले होते, माझ्या फोटोसकट. फोटो चांगला आला होता, वाईट वाटलं. मी एक प्रत टेबलावर ठेवली आणि म्हणालो, "बापूसाहेब माझ्या मुलाच्या घरी गेले नव्हते. हे त्यांच्याच कार्यालयाचं उत्तर. माझं नाव काढा." अध्यक्ष म्हणाला, "गुणवंतराव, आजच्या दिवशी? कोण विचारतंय तुम्हाला? चाळीस वर्षांचं काय?" मी म्हटलं, चाळीस वर्षांचं काय ते मलाच कळेना झालंय. तिथं माझी एक खुर्ची होती, मागे उशी बांधलेली. मी उशी सोडून घेऊन आलो.

दुसरी प्रत रसवंतीच्या बाकड्यावर मास्तरांच्या हातात दिली. त्यांनी दोनदा वाचली. मला वाटलं आता चौकभर नाचतील. ते म्हणाले, "पोरगा दिवसभर उभा होता रे स्टेशनवर?" मी म्हटलं, हो. ते म्हणाले, "आणि पुरणाचं काय झालं?" अंबरीष, मी भर चौकात उशी घेऊन रडलो. मास्तरांनी मला घरी नेलं, जेवू घातलं. पुस्तकांची फडताळं अजून रिकामीच आहेत, भिंतीवर पाण्याची रेघ आहे. त्या रेघेखाली बसून आम्ही श्रीखंड खाल्लं.

संध्याकाळी त्यांच्या पक्षाचे लोक हार घेऊन माझ्या दारात. 'ज्येष्ठ कार्यकर्त्याचा प्रवेश' म्हणून. मी सांगितलं, मी कुठून निघालोय एवढंच, कुठे आलेलो नाही. हार परत न्या, नाहीतर गाईला घालेन. ई-मेलवरून दोन्हीकडचे अजून भांडताहेत. भोंग्यांचा अर्ज मी आणि मास्तरांनी मिळून टाकला आहे: अकरा भोंग्यांवर रोज संध्याकाळी एक गाणं वाजवावं. आवक नंबर घेतल्याशिवाय खिडकीवरून हललो नाही.

तू खोटं बोललास म्हणून मी रागावलो होतो असं तुला वाटलं. उशीर त्यामुळे झाला नाही. मलाही एक गोष्ट सांगायची होती आणि मलाही धीर होत नव्हता. ती लिहून तयार होती, दीड वर्षापासून. आज पार्सल टाकलं आहे. बोटीनं नको म्हणालो, विमानानंच. पोस्टातली बाई म्हणाली, आजोबा, वस्तूची किंमत लिहा. मी विचारलं, न लिहिता जात नाही का? शेवटी तिनंच काहीतरी लिहिलं.

पत्र आत आहे. आधी ते वाच.

बाबा


जा. क्र. ३८
३ सप्टेंबर २०१४

चि. अंबरीष,

आज निवडणुकीच्या तयारीसाठी पक्षकार्यालयाचा माळा झाडायला काढला. जुन्या फलकांखाली एक गाठोडं निघालं. वर माझ्याच अक्षरात तुझं नाव आणि इचिकावाचा पत्ता. गाठ मी मारली होती तशीच होती, कोणी सोडलेली नव्हती.

'आण की गुणवंता, माझ्या बॅगेत टाकतो,' असं बापूसाहेब स्वतः म्हणाले होते. टीव्हीवर जपानात वीज वाचवायला हीटर बंद ठेवतात असं दाखवलं, तेव्हापासून तुझ्या आईनं डोळ्यांत तेल घालून टाके घातले. तिची हिरवी इरकल त्यात आहे, तुझ्या बारशाची.

मी माळ्यावर बसून हिशेब लावला. गोधडी इथे, आणि तू दर फोनवर तिची ऊब सांगतोस. म्हणजे तू खोटं बोलतोस, आणि ते कुणासाठी, हे कळायला मला फार वेळ लागला नाही. बापूसाहेब तुझ्याकडे येऊन गेले असतील, गाठोडं तेवढं विसरले असतील, असं मी धरून चालतो आहे. तेवढं तरी मला धरू दे.

गाठोडं घरी आणून धान्याच्या कोठीमागे ठेवलं. तुझी आई अंथरुणावरून विचारत होती, काय आणलंत? म्हटलं, पक्षाची जुनी फडकी. डॉक्टर म्हणतात दोन-तीन महिने. तिला मी हे सांगणार नाही, तूही सांगू नकोस. दर रविवारी तुझा फोन ठेवल्यावर ती माझ्याकडे वळून म्हणते, "बरं झालं बाई, पोचली." एवढ्यावर तिचा आठवडा जातो.

हे पत्र आज पडणार नाही. पाकीट चिकटवायच्या आधी ती सगळी पत्रं वाचून घेते, तुला माहीत आहे. नंबर पडला आहे, तो राहू दे. कधीतरी पाठवीन.

तू हो म्हणालास ते चांगलं केलंस.

बाबा


इचिकावा, ७ मे २०१६

ती. बाबा,

जा. क्र. ३८ पोचलं. डब्यात ३७ आणि ३९ च्या मधे ठेवलं.

पार्सल आलं तेव्हा घरी कोणी नव्हतं, म्हणून पोस्टमन चिठ्ठी टाकून गेला. मी त्याच संध्याकाळी सायकल घेऊन मुख्य पोस्टात गेलो आणि ते मांडीवर धरून बसनंच परत आलो. सायकल तिथेच राहिली, उद्या आणेन. गाठ मला सोडवेना. सरितानं सोडली. कोठीतला वास अजून आहे, आणि एका कोपऱ्यात आईनं सुई तशीच टोचून ठेवली होती, दोऱ्यासकट.

ईश्वरी गोधडीवर पालथी पडून एकेका तुकड्यावर बोट ठेवून विचारत होती, ही कुणाची, ही कुणाची. मराठीत विचारत होती बाबा. हिरव्यावर बोट ठेवून विचारलं तेव्हा मी म्हटलं, ही माझी. आता ती तिच्यातच झोपली आहे. मे महिना आहे, उकडतंय, पण काढू देत नाही.

एकवीस जुलैला शाळेला सुट्टी लागते. तेवीसच्या विमानाची तीन तिकिटं काढली आहेत. येताना संध्याकाळ होईल. ओट्यावर उभे राहा आणि हाक मारा, आळीला ऐकू गेली तरी चालेल.

आणि आज आईच्या फोटोपाशी दिवा लावाल तेव्हा तिला सांगा, पोचली म्हणून. या वेळी खरंच पोचली.

अंबरीष